भूकंपरोधक भिंतीच्या नावाखाली 8,48,500 रुपये गेले

आधी आकडा सांगतो. 8 लाख 48 हजार 500 रुपये. भिंतीचे 7,85,000, ‘भूकंप डिझाईन’चे 45,000 आणि ‘सॉईल टेस्ट’चे 18,500. त्या बदल्यात कोयना खोऱ्यातल्या आमच्या घरामागे 60 फूट लांब, 12 फूट उंच अशी एक भिंत उभी आहे. पहिल्याच पावसाळ्यात तिला पोट सुटलं. मध्यावर ती वरून साडेचार इंच पुढे आलीय. ठेकेदाराला फोन केला तर तोंड वर करून म्हणतो, "काका, परवा धक्का बसला ना, त्याने झालं. भूकंप म्हणजे नैसर्गिक आपत्ती, ती गॅरंटीत बसत नाही."

भूकंपरोधक म्हणून गळ्यात मारलेली भिंत भूकंपाने गेली, म्हणून गॅरंटी नाही! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

लोक म्हणतात, मुंबईत जन्मभर हिशेब लिहिलेला माणूस असा कसा फसला? त्यांनी आमच्या खोऱ्यात राहून बघावं, मग बोलावं. 11 डिसेंबर 1967 ची पहाट आमच्याकडे घराघरात सांगितली जाते. 6.3 चा भूकंप, दोनशेच्या आसपास माणसं गेली, दगड-मातीच्या भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. बारीकसारीक धक्के तर अजून चालूच आहेत. त्यात जुलै 2021 ला आंबेघर, मिरगावात दरड आली, तिकडे महाडजवळ तळियेत आली. आमचं घर डोंगराला लागून, मागे सरळ चढ. निवृत्तीचे पैसे घालून बांधलेलं. मागे भिंत घालायची हे ठरलेलंच होतं, कशी घालायची ते माहीत नव्हतं. ठेकेदार नेमका तिथे शिरला.

भावकीतल्या एकाच्या मेव्हण्याच्या ओळखीचा. पहिल्या भेटीतच म्हणाला, "काका, 67 साल विसरलात का? साधी भिंत घालाल तर धक्क्यात घरावर येईल. आपण धरणाची टेक्निक वापरतो." आता 1967 च्या भूकंपात कोयना धरणाला भेगा पडल्या आणि नंतर खालच्या अंगाने काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केलं, हे खरंच आहे. लॅपटॉपवर त्याने भिंत हलताना दाखवली, लाल-निळे रंग, कोपऱ्यात ‘झोन 4, 0.24’ असं लिहिलेलं. तेही खरं. भूकंपाच्या धोक्याप्रमाणे देशाचे झोन पाडलेत. 2016 च्या संहितेत आपला पट्टा झोन चारमध्ये, गुणांक म्हणजे जमीन किती जोराने हलेल त्याचा आकडा 0.24, पुणे-मुंबई झोन तीनमध्ये, 0.16. सांगितलेला एकूण एक आकडा खरा निघाला, भिंत तेवढी खोटी. मी आकडे पडताळले होते, हो! ते जुळले म्हणूनच विश्वास बसला.

सॉईल टेस्टला एक पोरगा मोटरसायकलवर आला, चपलेने वरचं गवत बाजूला केलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत थोडी माती भरून गेला. खड्डा नाही, बोअर नाही. दहा पानी स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट मात्र आला. 18,500.

आता सळ्यांचं सांगतो. ते आठवलं की अजून झोप उडते.

एप्रिलची दुपार होती. एका बाजूचे सेंट्रिंगचे पत्रे उभे होते, सळ्यांची जाळी बांधून झाली होती, काँक्रीट दुसऱ्या दिवशी पडणार होतं. माझे चुलत भाऊ आप्पा सहज बघायला आले. आप्पांची हयात मुंबईत सेंट्रिंगच्या कामात गेली. त्यांनी जाळीवर हात फिरवला आणि म्हणाले, "अरं, जाळी म्होरल्या अंगाला कशी? माती तर मागनं ढकलणार. सळी मातीकडनं पायजे." ठेकेदार हसला. "आप्पा, ती जुनी पद्धत. भूकंप डिझाईनमध्ये उलटं असतं. धक्का खालून येतो ना!" आप्पा माझ्याकडे बघत राहिले. नकाशा माझ्याच पिशवीत होता. काढून उघडायचा अवकाश, त्यात 16 मिलीच्या सळ्या मातीच्या बाजूला स्पष्ट दाखवल्यात. आणि मी काय बोललो? "आप्पा, इंजिनिअरने काढलंय, असेल तसंच." चार माणसांत आप्पांना गप्प केलं. सळ्या तर 10 मिलीच्याच होत्या, आणि त्याही एकाच जाळीत. पण माणूस पुढ्यात उभा राहून ‘भूकंप डिझाईन’ म्हणतो, कागदावर शिक्का असतो, तेव्हा आपण कोण सांगणारे असं कुणालाही वाटेल. ज्याला वाटणार नाही त्याने हात वर करावा.

पुढचं कळलं ते एका स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमना 6,000 फी देऊन आणलं तेव्हा. त्यांनी टोकाला पाया उकरायला लावला. नकाशात पाया 8 फूट रुंद, त्यातला मोठा भाग मागे मातीखाली. का, तर वरच्या मातीच्याच वजनाने भिंत दाबून धरली जावी. निघाला साडेतीन फूट. मागे मातीखाली जाणारा भाग, म्हणजे टाच, नाहीच. तीन टन लोखंडाचे पैसे घेतले होते. ते कुठल्या भिंतीत गेलं देव जाणे.

मॅडमनी बांधावर बसून काडीने मातीत आकृती काढून दाखवलं. एरवी माती ढकलते तो जोर खालून एक तृतीयांश उंचीवर लागतो. जमीन हलली की मागची माती जास्तीचा रेटा देते आणि हा जास्तीचा रेटा वर, निम्म्या उंचीच्या आसपास किंवा त्याहून वर धरतात. म्हणजे जोर थोडा वाढला तरी भिंत उलथवण्याची ताकद बरीच वाढते. शिवाय भिंतीचं स्वतःचं वजनही हलतं. हे गणित जपानच्या ओकाबे आणि मोनोनोबे यांनी 1923 च्या तोक्यो भागातल्या भूकंपानंतर, त्याच दशकात बसवलं. मॅडम म्हणाल्या, "शंभर वर्षांचं जुनं सूत्र आहे, आम्ही कॉलेजात शिकतो. याचे वेगळे 45,000 कसले?" आणि चांगली भिंत भूकंपात अजिबात हलत नाही, हेही खोटं. इंच-दोन इंच पुढे सरकली तर चालतं, उलथली नाही पाहिजे. 1995 ला जपानमध्ये कोबेला भूकंप झाला, तेव्हा रेल्वेच्या कडेच्या दगडी वजनदार जुन्या भिंती आडव्या झाल्या आणि भरावात थराथराने जाळी घालून केलेली नवी भिंत थोडी सरकून उभी राहिली. ‘भूकंपरोधक’ असं छातीठोक सांगणारा भेटला की तिथूनच उठा.

नकाशात भिंतीवरची माती सपाट दाखवलीय, उंचीही 4 मीटर. आमच्या मागे चढ. चढ असला की रेटा कितीतरी वाढतो. म्हणजे हा नकाशा आमच्या जागेचा नाहीच! शिक्का ज्या इंजिनिअरचा आहे त्याला शोधून काढलं. म्हणाला, "सही माझी आहे, काम माझं नाही. कुठल्या तरी जुन्या साइटची झेरॉक्स मारलीय." लेखी द्या म्हटलं तर फोन उचलणं बंद.

आणि पाणी. भिंतीत 4 इंची पाइपांच्या दोन रांगा आहेत, दिसायला अगदी नीटनेटक्या. जुलैत डोंगर नुसता पाझरत होता आणि या पाइपांतून थेंब नाही. मी छत्रीची काडी आत घालून बघितली, वीतभर गेली आणि काँक्रीटला टेकली. एकूण एक पाइपचं तेच. म्हणजे तोंडाशी तुकडे चिकटवलेत, पलीकडे मातीपर्यंत पोचतच नाहीत. मागे डबराचा आणि खडीचा थर टाकायचा होता. टाकली उकरलेलीच लाल माती. निचरा नसला की माती आणि पाणी मिळून रेटा कोरड्याच्या दुपटीहून जास्त होतो. मॅडम म्हणाल्या, "ही भिंत पाण्यानेच झुकलीय. तीनच्या आतल्या धक्क्याने नीट बांधलेल्या भिंतीचा गिलावाही पडत नाही. खरा मोठा भूकंप आला तर मात्र घराच्या मागच्या खोलीत झोपू नका." आम्ही तेव्हापासून पुढच्या खोलीत झोपतो.

पुरावा आहे. श्रावणात नातवंडांचा फोटो काढला होता, मागे भिंतीला पोट स्पष्ट दिसतंय. धक्का त्यानंतरचा. फोन बदलताना असे फोटो पुसू नका.

आता सरकारी खाती. तलाठ्याकडे गेलो, पंचनामा करा म्हटलं. नमुन्यात घर आहे, गोठा आहे, भिंतीचा रकाना नाही. वर गेलो. तिथले साहेब म्हणाले, एवढ्याशा धक्क्याने नुकसान होत नाही, भूकंपग्रस्त म्हणून लिहिता येणार नाही. मी म्हटलं, साहेब, उत्तम, हेच मला हवंय, एवढं एक वाक्य लेखी द्या, ठेकेदाराच्या तोंडावर मारतो. तर म्हणे, असं लेखी देण्याची तरतूद नाही! ठेकेदार म्हणतो भूकंपाने झालं म्हणून पैसे नाहीत, सरकार म्हणतं भूकंपाने झालं नाही म्हणून मदत नाही, आणि दोघांपैकी एकही कागदावर सही करत नाही. बांधकाम खात्यात गेलो तर खासगी जागेतली भिंत त्यांच्याकडे येत नाही. ग्रामपंचायतीत उलट मलाच विचारलं, परवानगी घेतली होती का? अख्ख्या वाडीत भिंतीला परवानगी घेतलेला एक माणूस दाखवा म्हटलं, तर ग्रामसेवक मीटिंगला निघून गेले. सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, ‘संबंधित विभागाकडे वर्ग, निकाली’ असा मेसेज आला. संबंधित विभाग म्हणजे तेच तलाठी.

पोलिस ठाण्यात तर हद्द झाली. "काका, भिंत उभी आहे ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी मॅटर आहे." मी म्हटलं, दुसऱ्याच्या सहीची झेरॉक्स लावून पैसे घेतलेत, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 बघा. हवालदार म्हणाले, बिल आणा. बिल कुठलं? "बिल हवं असेल तर 18 टक्के जीएसटी वर लागेल काका" असं ठेकेदार म्हणाला होता आणि मी 7,85,000 वरचे 1,41,300 वाचवले. 2,50,000 बँकेतून दिले ते दिसतात. 1,75,000 फोनवरून गेले तेही दिसतात. मधले 3,00,000 रोख आणि शेवटचे 60,000 रोख, ते कुठेच नाहीत. हे 60,000 पावसाळा गेल्यावर द्यायचे ठरले होते. मे अखेरीस मुलीच्या अॅडमिशनचं रडगाणं घेऊन दारात आला, आमची ही म्हणाली, देऊन टाका, पोरीचं काम आहे. दिले. शेवटचा हप्ता एक पूर्ण पावसाळा भिंतीने काढल्याशिवाय देऊ नका, समोर कोणीही रडो.

बिल घ्या. जीएसटी गेला खड्ड्यात, पण बिल घ्या.

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. 50 लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्ह्यातच चालतं, मुदत दोन वर्षं. फी किरकोळ आहे: 5 लाखांपर्यंत शून्य, त्यावर 10 लाखांपर्यंत 200 रुपये. वकिलाशिवायही उभं राहता येतं. मी 15,000 देऊन लावलाय, कारण माझा आता कोणत्याच कागदावर विश्वास राहिलेला नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून नोंद करा, तो नंबर तरी लागतो.

काँक्रीट पडण्याआधी मागच्या बाजूने सळ्यांचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. पायाची रुंदी उकरलेल्या खड्ड्यातच मोजा. नकाशावर शिक्का असलेल्या इंजिनिअरला स्वतः फोन करा आणि त्याला जागेवर आणा; येत नाही म्हणाला तर तो नकाशा तुमचा नाही. पाइपांत काडी घाला. घरात कुणी आप्पा असतील तर त्यांचं ऐका.

ठेकेदाराचा परवा मेसेज होता: 3,20,000 मध्ये पुढून टेकू देऊन भिंत ‘पुन्हा भूकंपरोधक’ करून देतो, निम्मे आगाऊ. त्याचा स्क्रीनशॉट वकिलाला दिलाय.

ज्यांच्याकडे हाच नकाशा असेल, म्हणजे उंची 4 मीटर, वर सपाट भराव, खाली उजव्या कोपऱ्यात तिरका शिक्का आणि गावाच्या नावावर व्हाइटनर, त्यांनी कृपया कळवावं. एकाच ठेकेदाराविरुद्ध एकत्र तक्रार करता येते, आणि दोन-तीन झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या तर पोलिसांनाही ‘दिवाणी मॅटर’ म्हणणं जड जाईल.