‘वीट’ नऊ महिने वापरून: घटनेचं जाड पुस्तक, जुनी आवृत्ती आणि आमचा कट्टा

आमच्या वर्गात या पुस्तकाला कुणी नावाने ओळखत नाही. ‘वीट आणलीस का?’ एवढंच विचारतात. मीही नाव लिहीत नाही, कारण खाली ज्या तक्रारी केल्या आहेत त्यातल्या निम्म्या पुस्तकाच्या नाहीत, माझ्या चिकटपणाच्या आहेत. कायद्याला असलेल्या कुणालाही पुस्तक ओळखता येईल. मूळ लेखक हयात नाहीत, पुढच्या आवृत्त्या दुसऱ्यांनी सुधारल्या, आणि दर दहा पानांनी कुठे मूळ हात थांबला आणि कुठे नवा लागला ते भाषेवरून कळतं.

मी तीन वर्षांच्या एलएलबीला, बारावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बीकॉम. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत ४०० रुपयांना मिळाली. आवृत्ती २०१५ ची. मी जरा कां-कू केली, तर दुकानदार म्हणाले, ‘अहो, घटना काय दरवर्षी बदलते का? घेऊन जा.’ घेऊन गेलो.

पहिला दणका न्यायपालिकेच्या प्रकरणात बसला. अनुच्छेद १२४ नंतर १२४-अ, आणि तिथे राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग, म्हणजे न्यायाधीश निवडणारा आयोग, ऐटीत बसलेला. सदस्य किती, शिफारस कशी, सगळं तपशिलात. मी दोन संध्याकाळी खपून टिपणं काढली. आमच्या कट्ट्यावर एक ताई आहेत, दोन मुलांची आई, वर्गात पहिल्या बाकावर. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाल्या, ‘हे तू कुणासाठी लिहिलंस रे? हा आयोग तर कधीच गेला.’ हा आयोग आणणारी ९९ वी घटनादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ ला रद्द केली, चार विरुद्ध एक. माझी प्रत त्याच्या काही महिने आधी छापलेली. आयोग माझ्या घरात मात्र ठणठणीत होता.

मग मी ताईंची २०२३ ची आवृत्ती आणि माझी अशा दोन्ही शेजारी ठेवून वाचायला लागलो. सुरुवातीला चुका टाळण्यासाठी, नंतर त्यातच गोडी लागली म्हणून. खासगीपणाच्या हक्काचं पान बघा. माझ्या प्रतीत आधीच्या मालकाने शिसपेन्सिलीने समासात लिहिलंय: ‘प्रायव्हसी – एफआर नाही. येणारच!!’ (एफआर म्हणजे मूलभूत हक्क, येणारच म्हणजे परीक्षेला.) पुस्तक एवढं ठाम नाही. ते सांगतं की एम. पी. शर्मा (१९५४) मध्ये आठ न्यायाधीशांनी आणि खरक सिंग (१९६२) मध्ये सहांनी असा हक्क मानला नव्हता, नंतरच्या लहान खंडपीठांनी तो हळूहळू मानायला सुरुवात केली, पण मोठ्या खंडपीठांचा निकाल अजून उभाच आहे. नव्या आवृत्तीत सरळ पुट्टास्वामी निकाल: २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायाधीश, एकमत, हक्क आहे. बरोबर आहे, परीक्षेला तेच लिहायचं. पण नऊच का बसले? सात का नाही? हे मला जुन्या पानाने शिकवलं. आठांचा निकाल मोडायचा तर आठांहून जास्त लागतात. नव्या आवृत्तीत हे कुठेतरी तळटीपेत असेलही, पण जुन्यात ती अडचण धडधडीत समोर उभी राहते. वर्गात सरांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा पहिल्यांदाच माझा हात वर गेला.

याचा अर्थ जुनी घ्या असा नाही. माझ्या प्रतीत समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वर, ते कायम ठेवणारा २०१३ चा कौशल निकाल हाच कायदा आहे, आर्थिक दुर्बलांचं १० टक्के आरक्षण नाही, जीएसटी नाही. विक्रीकराची पन्नासेक पानं निव्वळ रद्दी. पण नवी घेतली म्हणजे सुटलो असंही नाही. नोव्हेंबरमध्ये इंटर्नल होती आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला ३९(ब) चा, म्हणजे समाजाची साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटावी असं सांगणाऱ्या अनुच्छेदाचा निकाल आला. तोही मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींवरून. म्हाडा कायद्यात १९८६ साली घातलेलं प्रकरण आठ-अ. ७० टक्के रहिवाशांची संमती असली की इमारत संपादन करून त्यांच्या सोसायटीला द्यायची, आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम. (पागडीच्या खोलीचं भाडं माहीत असणाऱ्याने हिशेब करून बघावा.) घरमालकांची संघटना १९९० च्या दशकापासून कोर्टात होती. नऊ न्यायाधीशांच्या बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही काही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ होत नाही. दोन्ही विटांमध्ये याच्या उलट बाजूचे जुने निकाल झोकात मांडलेले. ताईंनी नव्या कोऱ्या प्रतीत पेनाने काट मारली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता पुस्तकाचं खरं बळ. घटनादुरुस्तीचं प्रकरण. केशवानंद भारतीचं सार कुठल्याही गाईडमध्ये चार ओळींत मिळतं: २४ एप्रिल १९७३, १३ न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, घटनेची मूलभूत संरचना संसदेला मोडता येत नाही. मी तेच घोकून बसलो होतो. या पुस्तकाने एकच गोष्ट केली. सहा एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला, आणि मधे न्या. खन्ना असं नीट मांडून दाखवलं. संसदेला मूलभूत हक्कांनाही हात लावता येतो असं खन्ना म्हणतात, म्हणजे एका पायाने सरकारच्या बाजूला. पण संरचना मोडता येत नाही असंही म्हणतात, म्हणजे दुसरा पाय पलीकडे. तो परिच्छेद मी चारदा वाचला, पाचव्यांदा कळला आणि रात्री साडेअकराला मित्राला फोन केला. तो म्हणाला, ‘झोप आता.’ एका बाजूने नानी पालखीवाला आणि दुसऱ्या बाजूने केरळ सरकारसाठी एच. एम. सीरवाई, दोघेही मुंबईचे वकील, हेही मला इथेच कळलं.

मुंबई तर या पुस्तकात पावलोपावली भेटते. बलसारा (१९५१) हा खटला मुंबईच्या दारूबंदी कायद्याचा. तो विधिमंडळाच्या अधिकारांच्या प्रकरणातही येतो, मूलभूत हक्कांच्याही येतो आणि कायद्याचा वाईट भाग वेगळा काढण्याच्याही येतो. पहिल्या भेटीत वाटतं, लेखक तेच तेच सांगतोय. तिसऱ्या भेटीत कळतं की एकच खटला तीन बाजूंनी दाखवलाय. नरसू अप्पा माळी खटल्याचं मात्र फारच आटोपशीर आहे. मुंबई हायकोर्टाने व्यक्तिगत कायदा (लग्न, वारसा वगैरेंचा धर्मानुसार कायदा) कलम १३ बाहेर, म्हणजे मूलभूत हक्कांच्या कसोटीबाहेर ठेवला तो हाच निकाल, आणि अजून त्यावर भांडणं चालू आहेत. त्याला दीड पान? (कलम म्हटलं की आमचे सर चिडतात. ‘घटनेत अनुच्छेद असतो!’ वहीत अनुच्छेद, तोंडात कलम.)

आमच्यात एक हवालदार आहेत, ड्युटी करून शिकतात, सगळे काका म्हणतात. त्यांना सगळी वीट नको होती, फक्त अटकेचा अनुच्छेद २२. ‘अटक केल्यापासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, प्रवासाचा वेळ सोडून, हे मला झोपेत विचार,’ म्हणाले. पण प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच डांबून ठेवण्याच्या, पानांवर ते थबकले. अशीच स्थानबद्धता करणाऱ्या राज्याच्या एमपीडीए कायद्याच्या फायली त्यांनी वर्षानुवर्षं उचलून नेल्यात. कारणं लवकरात लवकर कळवायची, निवेदन द्यायची पहिली संधी द्यायची, यात कुचराई झाली की आदेश कसा कोसळतो, हे एकामागून एक निकालांनी दाखवलंय. काका बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, ‘साहेब लोक ऑर्डर रद्द झाली की आमच्यावर ओरडतात. चूक कुठे असते ते आज कळलं.’ वर्गातलं या पुस्तकावरचं मला सर्वात पटलेलं मत हेच.

भाषेचं काय, असं मराठी माध्यमवाले विचारतात. पहिले दोन महिने मी रोज चार पानांच्या वर गेलो नाही. वाक्य सात ओळींचं, त्यात दोन ‘परंतु’ आणि एक ‘तथापि’, क्रियापद शोधत फिरायचं. उपाय एकच सापडला. शासनाची मराठी-इंग्रजी द्विभाषी घटना शेजारी उघडी ठेवायची. आधी अनुच्छेद मराठीत, मग इंग्रजीत, मग वीट. पुस्तकात मूळ मजकूर तुकड्यातुकड्यांत येतो, सलग नाही, त्यामुळे ती जवळ नसेल तर कशावर चर्चा चाललीय तेच हरवतं. मराठीही काही सोपी नाही म्हणा, पण दोन अवघड एकत्र केले की बऱ्याचदा एक सोपं निघतं.

बांधणी वाईट. कागद पातळ, मागची अक्षरं पुढे दिसतात, आणि डिसेंबरात ३०० च्या आसपास पाठ फाटली. बाइंडरने कॅनव्हास लावून १२० रुपये घेतले. ताईंचीही त्याच सुमाराला हलायला लागलीय, म्हणजे हा प्रकार जुनेपणाचा नाही. शेवटची खटल्यांची यादी मात्र सोन्यासारखी. मी पुस्तक पुढून कमी आणि मागून जास्त उघडतो.

परीक्षेपुरतंच हवं असेल तर उगाच घेऊ नका. ‘टीपा लिहा’ साठी गाईड पुरतं, आणि गाईडवर पास झालेले माझ्या वर्गात भरपूर आहेत. मला ५८ पडले, गाईडवाल्या मित्राला ६१. तो अजूनही ऐकवतो. न्यायाधीश पदाची परीक्षा द्यायची असेल किंवा मूटला (नकली कोर्टाच्या स्पर्धेला) उभं राहायचं असेल तर घ्या, आणि छापल्याचा महिना बघून घ्या, वर्ष पुरत नाही.

ज्युनियर विचारतायत, विकणार का म्हणून. सध्या प्रत माझ्याकडे नाही. काकांनी २२ साठी नेली ती नेलीच, आणि परवा म्हणाले की आता अनुच्छेद २० वाचतोय.