पुढचे शॉकअप लोअर आर्मला कसे बांधावे: क्लिप नट, नायलॉक की वेल्डिंग?

साठच्या दशकातली शेवरोले इम्पाला किंवा तिच्या जातकुळीतली गाडी असेल, तर पुढचे शॉकअप बदलताना खरा घोळ खालच्या दोन बोल्टांशी असतो. या गाड्यांत शॉकअप स्प्रिंगच्या पोटातून जातो आणि त्याच्या खालच्या टोकाची आडवी पट्टी दोन बोल्टांनी लोअर आर्मला, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या पत्र्याच्या आडव्या हाताला, आवळतात. बोल्ट 5/16 इंची, इंचाला 18 आटे. आर्मच्या पत्र्याला चिमट्यासारखा धरून बसणारा क्लिप नट कंपनीनेच दिलेला असतो.

विदर्भातला पावसाळा याच जागेवर उठतो. काळ्या मातीचा चिखल आर्मच्या खोबणीत भरतो, दिवाळीपर्यंत वाळून कडक होतो आणि त्याखाली क्लिप गंजून जाते. मग पाना लावला की बोल्टासोबत क्लिपही गरगर फिरते. जुना बोल्ट कापून काढल्यावर पुढे काय लावायचं, हे ठरवावं लागतं.

आर्मचं भोक गोल असेल आणि कड शाबूत असेल, तर नवा क्लिप नटच लावा. वर हात घालावा लागत नाही, एकटा माणूस खालून काम उरकतो. मात्र त्यात आटे मोजकेच असतात, जास्त आवळलं तर मरतात. शिवाय ही क्लिप तालुक्याच्या दुकानात मिळेल या भरवशावर गाडी खोलू नका, आधी मागवून ठेवा.

भोक लांबट झालं असेल किंवा कड गंजून पातळ झाली असेल, तर माझा कौल बोल्ट आणि नायलॉक नटाला, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेल्या, सहजी सैल न होणाऱ्या नटाला. जाड, रुंद वायसर टाकला की भार पसरतो. बोल्ट वरून खाली घाला आणि नट खाली ठेवा. नट सैल झाला तर वाकून लगेच दिसतो, आणि तो गळून पडला तरी बोल्ट जागेवर राहतो. खालून घातलेला बोल्ट सैल झाला की रस्त्यात पडतो. त्रास एवढाच की डोकं धरायला स्प्रिंगच्या वेढ्यांमधून पाना घालावा लागतो, म्हणजे दुसरा माणूस हवा. डोकं स्प्रिंगला किंवा शॉकअपच्या नळीला घासत नाही ना, तेही पाहा. खाली उघड्या राहिलेल्या आट्यांना ग्रीस लावा. नायलॉक एकदा काढला की परत वापरू नका, त्यातल्या नायलॉनची पकड गेलेली असते.

गावात या जोडीचा मोठा फायदा म्हणजे 8 मिमीचा, डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा कोरलेला बोल्ट आणि त्याचाच नायलॉक हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. पण हाच बोल्ट इंची क्लिप नटात घालू नका. जाडी जवळपास सारखी असली तरी या बोल्टाच्या आट्यांतलं अंतर 1.25 मिमी, इंची नटाचं 1.41. सुरुवातीचे आटे हाताने जातात, पुढे पान्याचा जोर लावला की दोन्हींचे आटे मरतात.

राहिला तिसरा सल्ला, जो सगळ्यात आधी मिळतो: "भाऊ, नट वेल्ड मारून टाका, झंझटच नको." गाडीवर बसलेल्या आर्मला वेल्डिंग लावू देऊ नका. शेजारी दाबलेली स्प्रिंग असते, तिच्यावर ठिणगी किंवा आर्क बसला तर तिथून ती तडकू शकते. गंजक्या पत्र्यावर टाका धरत नाही, आणि नट जरा तिरका बसला की दुसरा बोल्ट भोकात उतरत नाही. आर्म आणि स्प्रिंग दोन्ही गाडीवरून उतरवलेले असतील आणि वेल्डर चांगला असेल, तरच हा विचार करा.

आवळायला सुमारे 20 फूट-पाउंड, म्हणजे 27 न्यूटन-मीटर पुरे. पान्याला पाइप लावू नका. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा आणि लोअर आर्मलाही खालून टेकू द्या. नवे बोल्ट लावल्यावर पांदणीतून एक चक्कर झाली की दोन्ही नटांना पुन्हा पाना लावून बघा.