कॉम्प्युटरचं घड्याळ चुकतंय: सेल बदलावा की सिंकवर भागवावं?

आमच्या जुन्या डेस्कटॉपचं भिंतीवरचं बटण रात्री बंद केलं, की सकाळी तो थेट २०१५ सालात उठायचा. बँकेची साइट उघडली की ब्राउझर सर्टिफिकेटच्या (साइट खरी असल्याच्या दाखल्याच्या) नावाने बोंब मारायचा, कारण त्याच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलं नव्हतं. महिनाभर मी रोज हाताने तारीख लावली. आळस, दुसरं काय!

वीज तुटल्यावरच तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवरचा), वीज नसताना घड्याळ चालवणारा चपटा सेल सरळ बदला. बहुतेक डेस्कटॉपना ३ व्होल्टचा सीआर२०३२ लागतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. आधी बायोसच्या (पीसी सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग्जचे फोटो काढा, त्या पुसल्या जाऊ शकतात. मग पॉवर केबल काढून कॅबिनेट उघडा. खोबणीच्या कडेची पत्र्याची क्लिप नखाने ढकलली, की सेल टुणकन वर येतो. सहसा अधिक चिन्हाची बाजू वर असते, काढताना बघून ठेवा. लॅपटॉपमध्ये मात्र हा सेल बरेचदा वायरीला जोडलेला असतो, काहींत वेगळा नसतोच. लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडेच न्यावा.

इथे नुसत्या सिंकवर, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवण्यावर, विसंबू नका. घरगुती विंडोजमध्ये फरक १५ तासांहून मोठा असला, तर वेळेची सेवा मूळ सेटिंगनुसार तो दुरुस्त करायचं नाकारते. आमचा पीसी वर्षानुवर्षं मागे.

रोज सेकंद-दोन सेकंद घसरणाऱ्या घड्याळाला मात्र सिंकच हवं. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दहा लाखांत २० इतकी चूक धरली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळपास मिनिट. नव्या सेलने हे सुधारत नाही. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंग्जमधलं 'सिंक नाऊ' दाबून वेळ जागेवर येते का बघा. ऑफिसात ते अडलं, तर नेटवर्कवाल्याला यूडीपी १२३ पोर्ट (वेळ जुळवण्यासाठीची नेटवर्कची वाट) उघडा आहे का विचारा.

आणि चूक बरोबर साडेपाच तासांची असेल तर? पैसे खर्चू नका, आधी टाइम झोन तपासा. तो ठीक असून एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर भांडण त्यांचं आहे: मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज भारतीय वेळ. मी विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही नोंद १ केली, म्हणजे तेही यूटीसीच मानतं. उलट, लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला लावता येतं, पण ते स्वतःच त्याबद्दल इशारा देतं.