सोसायटीचा वाळू फिल्टर: डिझाइन करून घेतलं, अनुभव चांगला

कोथरूडला आमच्या सोसायटीचा प्लॉट ५०० चौ.मी.च्या वर आहे, म्हणजे रेनवॉटर हार्वेस्टिंग बंधनकारक, पण आधीच्या कॉन्ट्रॅक्टरने नुसता खड्डा करून वर वाळू टाकली होती, एका पावसाळ्यात गाळाने चोक. यावेळी वाळू फिल्टर (पावसाचं पाणी वाळूतून गाळून घ्यायची सोय) नीट डिझाइन करून देणाऱ्यांना बोलावलं. ते भर जुलैत पावसात येऊन पार्किंगचं पाणी कुठून कसं वाहतं ते बघून गेले, हे मला फार आवडलं. आधी गाळ बसायला वेगळी टाकी, मग साधारण ४५ सेंमी वाळूचा थर, खाली खडी आणि भोकं पाडलेला पाइप, आणि धो धो पाऊस आला की जास्तीचं पाणी बायपासने थेट पावसाळी पाण्याच्या ड्रेनेज लाइनला. पाणी दोन दिवसांत उतरलंच पाहिजे नाहीतर डास होतात, त्या हिशोबानेच वाळूचा एरिया काढला. महापालिकेच्या फाइलसाठी ड्रॉइंग, कॅल्क्युलेशन सगळं दिलं, फक्त ड्रॉइंग तीन आठवडे उशिरा आलं, खूप फोन करावे लागले. आणि बाबांनो, पाणी हळू उतरायला लागलं की वरची वाळू खरवडून बदलायची, हे सेक्रेटरींना आत्ताच लिहून द्या.