दीड-दोन वर्षांचं मूल आणि पहिला तंबू: पिनॅकल्स, लॅसन की योसेमिटी?

बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, मराठी घरात मूल चालायला लागलं की कुणीतरी म्हणतंच, "यंदा कॅम्पिंगला जाऊ या." पुढचं नाव ठरलेलं असतं, योसेमिटी. ऑफिसातले सगळे जाऊन आलेले असतात. त्यात पुण्याहून आजी-आजोबा आलेले असले तर त्यांनाही एकदा दाखवायचंच असतं.

आम्ही लेकीला घेऊन पिनॅकल्स, लॅसन आणि योसेमिटी या कॅलिफोर्नियातल्या तिन्ही नॅशनल पार्कांत तंबू टाकला. पिनॅकल्सला ती सोळा महिन्यांची होती, लॅसनला एकोणीस, योसेमिटीला अडीच वर्षांची. माझं मत आधीच सांगते. पहिला तंबू एप्रिलमध्ये पिनॅकल्सला टाका. सुट्टी उन्हाळ्यातच मिळत असेल तर लॅसन. योसेमिटीला जरूर जा, पण पहिला तंबू तिथे नको.

बुकिंग एका मुलाचं, प्रवास दुसऱ्याचा

पिनॅकल्स आणि लॅसनला तंबूच्या जागांचं बुकिंग साधारण सहा महिने आधी सुरू होतं. योसेमिटी व्हॅलीचं पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला सकाळी सात वाजता. मोठ्या माणसाचं पाच-सहा महिन्यांत काही बदलत नाही. दहा महिन्यांचं मूल मात्र सोळा महिन्यांचं होतं. आम्ही पिनॅकल्सचं बुकिंग केलं तेव्हा लेक रांगत होती. म्हणून सामानाच्या यादीत मोठी सतरंजी आणि घडीचा पाळणा होता. प्रत्यक्षात गेलो तेव्हा ती पळत होती, तेही थेट शेजाऱ्यांच्या शेकोटीकडे. सतरंजीची घडी मोडलीच नाही.

तेव्हा बुकिंगच्या दिवशी मूल काय करतंय ते विसरा आणि त्यात सहा महिने मिळवा. पळणारं मूल धरूनच जागा निवडा. रस्त्याच्या कोपऱ्यावरची नको, ओढ्या-नदीलगतची नको. स्वच्छतागृहापासून दोन-तीन जागा सोडून असलेली बरी. अगदी खेटून असली तर रात्रभर दार आपटतं आणि दिव्याचा उजेड तंबूत येतो.

रस्ता

पिनॅकल्सचा फायदा इथेच दिसतो. सॅन होजेहून हॉलिस्टरमार्गे हायवे 25 ने दोन तासांच्या आत पोहोचता, म्हणजे दुपारची एक झोप. जेवण भरवून गाडीत बसवलं की मूल कॅम्पग्राउंडवरच उठतं. फक्त पत्ता नीट टाका. पार्कला पूर्व आणि पश्चिम अशी दोन दारं आहेत आणि त्यांना जोडणारा गाडीरस्ता आत नाही. कॅम्पग्राउंड पूर्वेला आहे. चुकून सोलेडादच्या बाजूने गेलात तर सगळा वळसा परत घालावा लागतो.

योसेमिटी व्हॅली चार तास, ट्रॅफिक नसेल तर. कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालच्या मुलाला उलट्या दिशेच्या कार सीटवर बसवणं कायद्याने बंधनकारक आहे (40 पौंड वजन किंवा 40 इंच उंची झालेली असेल तर सूट). उलटं तोंड, पोटात दूध आणि हायवे 120 वरची प्रीस्ट ग्रेडची वळणं, म्हणजे काय होणार ते खंडाळ्याच्या जुन्या घाटात एसटीने गेलेल्यांना सांगायला नको. जाताना मर्सेड-मॅरिपोसावरून हायवे 140 धरा. थोडा लांब वाटला तरी तो नदीच्या कडेने जातो आणि पोट शांत राहतं.

लॅसनच्या मॅन्झनिटा लेकला जायला थांबे धरून पाच-साडेपाच तास लागतात. पण रेडिंगपर्यंत बराचसा हायवे 5, सरळसोट. कंटाळवाणा, म्हणून मुलांसाठी उत्तम.

रात्र

खरी परीक्षा रात्रीची असते. लोक पार्क दिवसाच्या फोटोंवरून निवडतात आणि घरी परततात ते रात्रीमुळे.

पिनॅकल्सचं कॅम्पग्राउंड साधारण हजार फुटांवर आहे. एप्रिलमध्ये दिवसा छान ऊब असते, रात्री स्वेटर-टोपी लागते. उन्हाळ्यात मात्र पारा 100 फॅरेनहाइटच्या, म्हणजे 38 सेल्सियसच्या वर जातो. ओकच्या सावलीतला तंबूही दुपारी भट्टी होतो आणि मुलाची दुपारची झोप तिथे शक्यच नाही. पोहण्याचा तलाव आहे, पण तो हंगामीच उघडतो आणि कुटुंब दिवसभर तलावात बसवता येत नाही. जून ते सप्टेंबर पिनॅकल्सचं नाव काढू नका.

लॅसनचं उलटं. मॅन्झनिटा लेक 5,900 फुटांच्या आसपास आहे. जुलैत दुपारी सुखद हवा आणि पहाटे पारा 40 फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे चार-पाच सेल्सियस. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगमध्ये मूल आत सरकतं आणि नाका-तोंडावर कापड येतं, म्हणून ती नको. सुती कपडे, त्यावर लोकरी थर, वरून अंगात घालायची जाड झोपपिशवी आणि डोक्याला टोपी. सासूबाईंनी विणलेलं कुंचडं आमच्याकडे वर्षभर कपाटात पडून होतं. लॅसनला त्याचं सोनं झालं. थंडी कितीही असो, तंबूत शेगडी किंवा गॅसचा हीटर लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तंबूचा धीर होत नसेल तर मॅन्झनिटा लेकला लाकडी केबिन मिळतात. आत वीज नाही, पाणी नाही, पण भिंती, छप्पर आणि गादी आहे. मला विचाराल तर एकोणीस महिन्यांच्या मुलासाठी तीच घ्यायला हवी होती.

योसेमिटी व्हॅली चार हजार फुटांवर, त्यामुळे मे-जूनच्या रात्री सोसवतात. तिथे त्रास माणसांचा. एकट्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये 235 जागा आहेत, म्हणजे आपल्याकडची मध्यम सोसायटीच, फक्त भिंती कापडाच्या. रात्री दहानंतर शांततेचा नियम आहे आणि बहुतेक जण तो पाळतातही. पण पहाटे तीनला रडणारं मूल आपलं असलं की त्या नियमाचं ओझं आपल्यावरच येतं. मी लेकीला गाडीत बसवून तास काढला.

अस्वल आणि खोबरेल तेल

योसेमिटीत खाण्याचं सगळं लोखंडी पेटीत ठेवावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. "खाणं" म्हणजे काय, हे मूल असलं की कळतं. बेबी वाइप्स, पुरळाचं मलम, टूथपेस्ट, सनस्क्रीन, वापरलेली बाटली, झबल्याला लागलेला भात. आमचं मालिशचं खोबरेल तेलही पेटीत गेलं. कार सीटच्या फटीत अडकलेले बिस्किटांचे चुरे ही तर अस्वलाला दिलेली पंगत. रात्री गाडी रिकामी करण्यापूर्वी सीट झटकण्यात वीस मिनिटं जातात, आणि तेवढ्यात मूल दुसरं बिस्कीट मागतं. लॅसनलाही अस्वलं आहेत आणि पेट्याही, पण गर्दी कमी असल्याने जीव एवढा टांगणीला लागत नाही. पिनॅकल्सला अस्वलांचा धाक नाही. तिथले चोर म्हणजे रॅकून आणि खारी. आमचं मेतकूट एका खारीने पिशवीसकट पळवलं.

स्वयंपाक

मऊ भात, तूप, मेतकूट आणि केळं एवढ्यावर दोन दिवस निघतात. उंचीचा मुद्दा लॅसनपुरता. तिथे पाणी साधारण 94 सेल्सियसलाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासभर रटरटली तरी दाताखाली लागते. तीन लिटरचा कुकर न्या. पहिल्या शिट्टीला शेजारच्या दोन तंबूंतून डोकी बाहेर आली. दुसरीला कुणी विचारलं नाही आणि तिसरीनंतर एका बाईने वास कसला म्हणून चौकशी केली. तिला वाटीभर खिचडी दिली.

योसेमिटीत तंबू टाळून करी व्हिलेजच्या कापडी खोल्यांत राहायचं ठरवलंत तर लक्षात ठेवा, तिथे स्वयंपाक करायला परवानगी नाही. मुलाला बाहेरचं खाणं चालत असेल तरच हा पर्याय. तरीही पहिल्या योसेमिटीसाठी मी तोच सुचवेन. खाट मिळते, शॉवर जवळ आहेत, आणि रात्री मूल रडलं तर ती जागा तंबूपेक्षा बरी वाटते.

आंघोळीचं एका वाक्यात: पिनॅकल्सला आणि लॅसनला शॉवर आहेत, योसेमिटीच्या पाइन्स कॅम्पग्राउंडांत नाहीत. लॅसनच्या दुकानाशेजारी कपडे धुण्याची यंत्रंही आहेत. दुसऱ्या रात्रीनंतर आम्हाला ती सरोवरानंतरची सगळ्यात देखणी गोष्ट वाटली.

दिवसभर करायचं काय

योसेमिटीत बाबागाडी खरंच चालते. लोअर योसेमिटी फॉलची पूर्वेकडची वाट पक्की आहे, कुक्स मेडोची फेरी सपाट आहे आणि फुकट शटल आहे. एकूण 739 मीटर उंचीचा योसेमिटी धबधबा मे महिन्यात पूर्ण जोरात असतो, अंगावर तुषार आले की मूल खूश. पण त्याच महिन्यात मर्सेड नदीही फुगलेली असते. पाणी काचेसारखं दिसतं आणि वेग कळत नाही. किनाऱ्यावर मुलाचा हात सोडायचा नाही, एक सेकंदही नाही. आम्ही आळीपाळीने "आता तू धर" असं म्हणतच ते तीन दिवस काढले.

पिनॅकल्सच्या प्रसिद्ध गुहा या वयाला नकोत. अंधार, पायऱ्या, ठेंगणं छत, आणि साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत वटवाघळांच्या पिल्लांसाठी बेअर गल्च गुहा बंदच असते. पण कॅलिफोर्निया कॉन्डॉर कॅम्पग्राउंडवर बसूनही दिसू शकतात, सकाळी किंवा संध्याकाळी टेकडीच्या कड्यावर. 1982 मध्ये जगात हे पक्षी फक्त 22 उरले होते, आणि पिनॅकल्समध्ये 2003 पासून ते सोडले जातात. साडेनऊ फुटांचा पंखविस्तार पाहून लेक म्हणाली, "काऊ." वाटांच्या कडेला तीन-तीन पानांचं पॉयझन ओक असतं, हात लावू देऊ नका, आणि संध्याकाळी कपडे काढताना गोचीड तपासा.

लॅसनला सरोवराभोवतीची फेरी तीनेक किलोमीटरची आहे, मुलाला पाठीवर घेऊन रमतगमत होते. बम्पास हेलच्या उकळत्या कुंडांकडे या वयात जाऊ नका. ज्याच्या नावाने ती जागा ओळखली जाते, त्या केन्डल बम्पासने पातळ कवच फुटून तिथे पाय गमावला. सल्फर वर्क्सचा उकळता चिखल रस्त्याच्या कडेवरूनच दिसतो. 1914 ते 1917 दरम्यान उद्रेक झालेला ज्वालामुखी दाखवायला तेवढं पुरे.

आजी-आजोबा बरोबर असतील तर

योसेमिटीत एका जागेवर जास्तीत जास्त सहा माणसं, आणि कडेवरचं मूलही त्यात मोजतात. शिवाय 2026 पासून योसेमिटीसह अकरा पार्कांत अमेरिकेत न राहणाऱ्या, सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या पाहुण्यांना माणशी 100 डॉलर जादा द्यावे लागतात. पिनॅकल्स आणि लॅसन त्या अकरांत नाहीत. रात्री दोनला टॉर्च घेऊन स्वच्छतागृहापर्यंत चालणं आजोबांना जमेल का, हेही आधीच विचारा. आमच्याकडे हा प्रश्न दुसऱ्या रात्री निघाला.

एप्रिलमधलं पिनॅकल्स हवं असेल तर ऑक्टोबरमध्ये जागा पाहायला बसा आणि शनिवारचा हट्ट सोडा. रविवार-सोमवारच्या रात्री सहज मिळतात आणि कॅम्पग्राउंड निम्मं रिकामं असतं. 15 मेनंतरच्या योसेमिटीसाठी 15 डिसेंबर. त्या सकाळी सहा पंचावन्नला दोघांनी दोन फोनवर लॉगिन करून बसायचं आणि लेकराला तिसऱ्याच कुणाकडे तरी द्यायचं.