खणातल्या फोनचं सिम: थोडा टॉपअप, वर्षाचा पॅक की रोजच्या फोनमधला दुसरा स्लॉट?

माझा एक नंबर गेला तेव्हा त्यात बॅलन्स होता. भरपूर होता, मुदतही शिल्लक होती. फोन खणात बंद पडून होता, एवढंच. सहा-सात महिन्यांनी बाहेर काढला, चार्ज केला, सुरू केला तर रेंजच्या काड्यांच्या जागी बारीकशी फुली. सिम काढून शर्टाला पुसलं, परत बसवलं, फोन दोनदा बंद-चालू केला. फुली ढिम्म हलेना. ग्राहक सेवेवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "या नंबरवरून बरेच दिवस काही वापरच झालेला नाही." पैसे भरलेत म्हणजे नंबर आपला, हा माझा समज त्या दिवशी संपला आणि नंबरही.

तेव्हा कळलं ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी तुलना त्यावरच उभी आहे. प्रीपेड सिमला दोन मुदती असतात आणि त्या एकमेकींना विचारत नाहीत. एक रिचार्जची. ती संपली की सहसा आधी आउटगोइंग बंद होतं, काही दिवसांनी इनकमिंग आणि शेवटी नंबर कापला जातो. दुसरी मुदत वापराची: ठरावीक दिवसांत त्या सिमवर काहीच घडलं नाही तर कंपनी ते पडीक समजते. भारतात ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१३ च्या नियमांनुसार वापर नाही म्हणून ९० दिवसांच्या आत सिम बंद करता येत नाही, आणि वापरात आलेला कॉलही धरला जातो. सगळीकडे इतकी सवलत नसते. काही कंपन्या फक्त पैसे पडणारा व्यवहार मोजतात, म्हणजे केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस किंवा मोबाइल डेटा. तेव्हा प्लॅनची किंमत बघण्याआधी अटींमध्ये "वापर" म्हणजे काय लिहिलंय ते शोधा. बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक अक्षरांत सापडतं.

काय मोजलं जात नाही, यातच जास्त लोक फसतात. वायफायवर चालणारी मेसेजिंग ॲप्स त्या सिमच्या हिशेबात येत नाहीत. मिस्ड कॉलही धरला जात नाही, कारण कॉल जोडलाच गेलेला नसतो. स्टार-हॅशचा कोड टाकून बॅलन्स बघणंही सहसा धरत नाहीत. फोन नुसता चालू ठेवणं तर नाहीच. चालू फोन अधूनमधून टॉवरला "मी इथे आहे" असं कळवतो खरा, पण तो कॉल, एसएमएस किंवा डेटा यांत मोडत नाही, आणि वापराची मुदत त्यांच्याकडेच बघून ठरते.

आता मुद्द्याचा प्रश्न. तुम्हाला तो फोन जिवंत ठेवायचाय की तो नंबर? प्रवासासाठी, म्हाताऱ्या माणसाजवळ ठेवायला किंवा अडीअडचणीला हाताशी असावा म्हणून वेगळा फोन हवा असेल तर एक उत्तर. बँकेचे ओटीपी येतात, जुन्या लोकांकडे तोच नंबर आहे, एवढंच कारण असेल तर उत्तर वेगळं, आणि त्यात खणातला फोन लागतच नाही.

थोडा टॉपअप आणि अधूनमधून एक कॉल

बोलाल तेवढे पैसे कापणारा साधा प्लॅन तुमच्या कंपनीकडे अजून मिळत असेल आणि टॉपअपला लांब मुदत असेल, तर कमी वापराच्या फोनला यापेक्षा स्वस्त सहसा काही पडत नाही. वर्षभरात लागतो किमान टॉपअप आणि चार-सहा कॉल. किंमत पैशात नाही, आठवणीत मोजावी लागते. ज्यांना गॅसचा नंबर लावायचाही लक्षात राहत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये.

मी स्वतः हेच करतो. मुदत ९० दिवसांची असेल तर रोजच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये ६० व्या दिवसाची आठवण, दर वेळी पुन्हा येणारी. ८५ व्या दिवसाची लावू नका. त्या दिवशी तुम्ही नेमके दवाखान्यात किंवा लग्नात असता. आठवण वाजली की खणातला फोन चार्जिंगला लावायचा, त्यावरून रोजच्या फोनला कॉल करायचा, उचलायचा, अर्धा मिनिट चालू ठेवायचा, मग एक एसएमएस. घरातल्या घरात स्वतःशीच "हॅलो, हॅलो" म्हणताना बघणारे हसतात. हसू दे. त्या अर्ध्या मिनिटात सिम चालतंय, माइक चालतोय, बॅटरी धरतेय हे तिन्ही कळतं. शेवटी कॉलची नोंद आणि कापलेला बॅलन्स दिसतोय ना ते बघायचं. कापला असेल तर वापर मोजला गेला.

एक काळजी घ्या. स्मार्टफोन असेल तर मोबाइल डेटा बंदच ठेवा. नाहीतर चार्जिंगला लावल्याबरोबर ॲप्स अपडेट व्हायला धावतात आणि वर्षाचा टॉपअप दहा मिनिटांत फस्त होतो.

वर्षाचा पॅक

एकदाच पैसे, वर्षभर चिंता नाही. जाहिरात अशीच असते आणि निम्मी खरी आहे. रिचार्जची मुदत मिटते, वापराची मिटेलच असं नाही. काही कंपन्यांकडे चालू पॅक हाच वापर समजला जातो, काहींकडे वर्षाचा पॅक घेऊनही मध्ये एखादा कॉल करावाच लागतो. हे विचारून घ्या, आणि चॅटवर विचारलंत तर उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

दुसरी गोष्ट, लांब मुदतीच्या पॅकमध्ये बरेचदा डेटा कोंबलेला असतो. खणातल्या फोनला त्याचा उपयोग शून्य. भारतात यावर डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम बदलला: फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक झालं आणि अशा खास व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर गेली. हे पॅक ॲपच्या पहिल्या पानावर दिसतीलच असं नाही, यादीत खाली खाली जावं लागतं.

टॉपअप आणि पॅक यांची तुलना करताना पॅकची किंमत दिवसांनी भागून बघायची सवय असते. इथे तो हिशेब फसवा आहे, कारण तुम्ही दिवस वापरतच नाही. सरळ विचारा: एक वर्ष नंबर टिकवायला इकडे किती जातील, तिकडे किती? फरक किरकोळ असेल तर पॅक घ्या आणि डोक्याचा ताप वाचवा. फरक दोन-तीन पटींचा असेल तर कॅलेंडरची आठवण तेवढे पैसे नक्की वाचवते.

आणि पॅक संपत आल्याचा एसएमएस कुठे येतो? खणातल्या बंद फोनवर! कंपनीच्या ॲपमध्ये ईमेल किंवा दुसरा नंबर जोडण्याची सोय असेल तर तेवढं पहिल्याच दिवशी करून टाका.

दर महिन्याच्या ऑटो-पेबद्दल फार लिहीत नाही. सोयीचं वाटतं, पण बहुतेकदा सगळ्यात महाग पडतं, आणि कार्डाची मुदत संपली की गुपचूप बंद पडतं. त्याचाही मेसेज खणातच येतो.

नंबर रोजच्या फोनमध्ये हलवणं

नंबरच हवा असेल तर माझं मत इकडे. रोजच्या फोनला दुसरा स्लॉट असेल तर सिम तिथे घाला, नसेल तर ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, वेगळं कार्ड न लागणारं सिम, करून घ्या. २०१८ च्या आयफोन एक्सएसपासून एका फोनमध्ये एक साधं सिम आणि एक ई-सिम अशी जोडी सर्रास दिसू लागली, अँड्रॉइडमध्येही ती आता नवलाची राहिलेली नाही. रिचार्ज करावाच लागतो, त्यातून सुटका नाही. पण बाकीचं आपोआप जमतं. मुदत संपत आल्याचा मेसेज समोर दिसतो, ओटीपी हातात येतो, आणि वापरासाठी कॉल करायचा तर सेटिंगमध्ये सिम बदललं की झालं. एका सिमवर बोलत असताना दुसऱ्यावर कॉल लागत नाही असं बऱ्याच फोनमध्ये होतं. क्वचित वाजणाऱ्या नंबरला त्यानं काही बिघडत नाही.

यात दोन खाचा आहेत. ई-सिम करताना किंवा सिम बदलताना काही काळ एसएमएस थांबवले जातात. भारतात सुरक्षेसाठी पहिले २४ तास ते बंद असतात, म्हणून बँकेचं काम आहे त्याच दिवशी हा उद्योग करू नका. शिवाय फोन रिसेट करताना ई-सिमही पुसलं गेलं तर ते कंपनीकडून पुन्हा घ्यावं लागतं. जुनं सिम काढून नव्या फोनात सरकवण्याचा मार्ग तिथे नसतो.

दुसरी खाच जास्त खोल आहे. तो नंबर तुम्ही "मुख्य फोन हरवला तर खाती परत मिळवायला" म्हणून ठेवला असेल, तर दोन्ही नंबर एकाच फोनमध्ये घालणं म्हणजे घराची दुसरी किल्ली पहिल्याच जुडग्यात अडकवणं. अशा वेळी खणातला फोनच बरा.

पोस्टपेडमध्ये बदलणं हाही पर्याय लोक सुचवतात. बिल भरत राहिलात तर नंबर सहसा राहतो, पण वापरा न वापरा, महिन्याचं भाडं सुरूच. विसरलात तर प्रीपेडमध्ये नंबर जातो, इथे थकबाकी चढते. नंबर इंटरनेटवरच्या सेवेकडे पोर्ट करणं काही देशांत स्वस्त पडतं, पण ओटीपीसाठी ठेवलेल्या नंबरचं तसं करू नका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच इंटरनेट-कॉलिंगच्या नंबरवर असे पडताळणी कोड पाठवू नयेत असं म्हटलंय, आणि असे नंबर न स्वीकारणाऱ्या सेवा बऱ्याच आहेत.

फोनच हवा असेल तर

मग नुसतं सिम चालू असून भागत नाही. जुनी नेटवर्कं बंद होत चालली आहेत. अमेरिकेत एटी अँड टीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टसनं २८ ऑक्टोबर २०२४ पासून. अशा ठिकाणी फोरजीवरून आवाज नेणारी व्होल्टी सोय नसलेल्या फोनमध्ये सिम जिवंत राहतं आणि कॉल मात्र लागत नाही. वर्षाचा पॅक भरण्याआधी फोन व्होल्टीवर चालतो का ते तपासा. कॉल सुरू असताना वर नेटवर्कचं चिन्ह काय दाखवतंय ते बघितलं तरी अंदाज येतो.

"आणीबाणीचा नंबर तर सिम नसतानाही लागतो" यावर विसंबणारे खूप आहेत. अमेरिकेत ९११ साठी ते खरं आहे. जर्मनीत २००९ पासून चालू सिम लागतंच. नियम देशागणिक बदलतो, त्यामुळे त्या भरवशावर सिम मरू देऊ नका.

फोन ठेवताना बॅटरी पूर्ण भरूनही ठेवायची नाही आणि संपवूनही नाही. निम्म्यावर ठेवून बंद करायचा. आणि सिमला पिन लावला असेल तर तो कुठेतरी लिहून ठेवा. तीनदा चुकला की फोन पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडण्याचा कोड मागतो, आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी. रोजच्या फोनचा पिन बोटांना पाठ असतो, खणातल्याचा नसतो.

सोडूनच द्यायचं ठरलं तर

हाही पर्याय आहे, आणि कित्येकांसाठी तोच योग्य. पण नंबर आपोआप मरू देऊ नका, कारण तो मरत नाही, दुसऱ्याला मिळतो. अमेरिकेत त्यासाठी किमान ४५ दिवस थांबावं लागतं, भारतात ९० दिवस. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतले पुन्हा वाटपाला आलेले २५९ नंबर तपासले. त्यातल्या १७१ नंबरांवर आधीच्या मालकांची कुठल्या ना कुठल्या वेबसाइटवरची खाती अजून जोडलेली होती.

म्हणून रिचार्ज संपायच्या महिनाभर आधी बसा. आधी ईमेल, कारण बाकी सगळं ईमेलवरून परत मिळवता येतं. मग बँक आणि पैशांची ॲप्स. मग व्हॉट्सॲपमध्ये नंबर बदलण्याची सोय वापरा, म्हणजे गप्पा आणि ग्रुप नव्या नंबरवर येतात. नुसतं ॲप काढून टाकलंत तर खातं जुन्या नंबरवरच राहतं. सरतेशेवटी त्या फोनचा एसएमएस इनबॉक्स वरपासून खालपर्यंत चाळा. माझ्या दुसऱ्या एका नंबरवर असं करताना सहा वर्षांपूर्वीचं एक विम्याचं खातं सापडलं. ते आहे हेच मी विसरलो होतो.