रेकॉर्ड केलेला धडा की लाइव्ह तास?

गोव्यातल्या डिचोलीत नववीला राज्यघटना मी दोन्ही तऱ्हांनी शिकवून पाहिली. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओची सोय मोठी: रेंज गेली तरी अडत नाही, जगण्याच्या हक्काचं कलम 21 हवं तर तीनदा ऐका. पण लाइव्ह तासाला एका मुलीने माइक चालू केला, मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि विचारलं, "सर, 26 जानेवारी 1950ला हे हक्क आपल्यालाही मिळाले?" नाही ना! गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे. मुक्ती 19 डिसेंबर 1961ची, घटनेत नाव आलं ते 1962च्या बाराव्या दुरुस्तीने. पुढचा अर्धा तास आजी-आजोबांच्या आठवणींतच गेला. व्हिडिओला असं कोण विचारणार? कलमं पाठ करायला मात्र तोच बरा; लाइव्हमध्ये "सर, आवाज येत नाही" संपता संपत नाही.